आठ थरांची वाकळ
काल पेटीतून जुनी वाकळ काढली, तर निरगुडीच्या पाल्याच्या वासाबरोबर अकरावीचा वर्ग आठवला. वरंधहून मी एसटीने महाडच्या कॉलेजात जायची. त्या दिवशी गणिताच्या सरांनी लॉगची व्याख्या फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतली. मी उभी राहून विचारलं, "सर, पण लॉग म्हणजे नक्की काय?" ते म्हणाले, "वाडीवरच्या पोरींनी पाठ करावं आणि पास व्हावं. समजून काय करणार?" वर्ग हसला. घरी आले तेव्हा आई पडवीत हीच वाकळ दुमडत होती. एकदा दुमडली, दोन थर झाले. दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा आठ. मी तिथेच थांबले. "आये, आठ थर पायजेत तर किती येळा दुमडायची?" "तीन. त्यात इचारायचं काय हाय गो?" दुसऱ्या दिवशी वाकळ एसटीत मांडीवर घेऊन मी कॉलेजात गेले आणि सरांच्या टेबलावर तीनदा दुमडली. म्हटलं, "तीनदा दुमडल्यावर थर किती, ते घात सांगतो. आठ थरांसाठी किती वेळा दुमडायची, ते लॉग सांगतो. माझ्या आईला येतं हे." सर म्हणाले, "आधी ही गोधडी उचल." मी म्हटलं, "आधी थर मोजा." त्यांनी मोजले नाहीत. मागच्या बाकावरच्या दोघी उठून पुढे आल्या आणि त्यांनी मोजले, मोठ्याने, आठपर्यंत. फळ्यावरची ती व्याख्या मला आजही पाठ नाही, आणि मी ती पाठ करणारही नाही.