उपरण्याचा कायदा

जागा धरण्याच्या शास्त्रात आमच्या कंपाउंडरमामांच्या तोडीचा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे आफ्रिकेतही मला आढळला नाही. शिरूरच्या मिशन दवाखान्यात ते औषधं कालवायचे आणि मी मिशनच्याच शाळेत मास्तर होतो. दर शनिवारी मामा लेकीला भेटायला दौंडला निघत. एसटी स्टँडात पुरती थांबायच्या आत त्यांचं उपरणं खिडकीतून आत गेलेलं असे. ते एकदा सीटवर पडलं की मामा निवांत चहा पीत, कुणाच्या तरी खोकल्याची चौकशी करीत, आणि कंडक्टरने घंटी मारल्यावर चढत. त्यांच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा उपरणं धुवायला पडलं होतं, तर त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बाईचं तान्हं पोर खिडकीतून सीटवर ठेवलं. त्या बाईला दौंडला जायचंच नव्हतं.

मिशनने आम्हा दोघांना वर्षभरासाठी आफ्रिकेत, टांगानिकातल्या एका खेड्यात धाडलं. तिथे तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. मुंबईच्या धक्क्यावरूनच मामांनी बोटीच्या डेकवर वळकटी भिरकावली. ती एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीत बसली. मामा त्याला खालूनच म्हणाले, "सायेब, जरा सरका, ती जागा धरल्याली हाय." साहेब सरकला.

खेडं मोठं मायाळू होतं. एका परातीभोवती बसून सगळे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खायचे, संध्याकाळी भजनं म्हणायचे, आणि मामा त्यांच्या चालीवर बिनदिक्कत मराठी शब्द बसवायचे. अडचण एकच होती. आठवड्यातून एकदा बाजाराची लॉरी यायची, आणि मामांच्या उपरण्याचा अर्थ तिथे कुणालाच ठाऊक नव्हता. पहिल्या खेपेला ड्रायव्हरने त्या उपरण्याने काच पुसली. दुसऱ्या खेपेला एका आजीने त्यात कोंबडी बांधली. मग गावचा म्हातारा मुखिया ते दर आठवड्याला नीट घडी करून मामांच्या हातात परत द्यायचा. मामा ते पुन्हा आत टाकायचे आणि शिरूरचा कायदा त्याला मराठीतून समजावून सांगायचे. म्हातारा मान डोलवायचा. त्याला काय कळत होतं ते देव जाणे.

पुढे आमच्या दवाखान्यात पाणी भरणारी पहिलटकरीण अडली. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना. मामांनी हात टेकले. मोठा दवाखाना चाळीस मैलांवर. नशिबाने तो लॉरीचाच दिवस होता, पण ती अर्ध्या मैलावर झाडाखाली जेमतेम दहा मिनिटं थांबायची. तिचा ड्रायव्हर सख्ख्या बापासाठीही थांबला नसता. मामा दुखऱ्या गुडघ्यांनिशी धावत पुढे गेले आणि मी बाज उचलायला माणसं जमवली. पाहतो तर मामा एकटेच, सावकाश चालत परत येत होते.

"मामा, ड्रायव्हरला थांबायला सांगितलंत ना?"

"सांगायचं काय त्यात? उपरणं टाकलंय की."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या वेळी मामांना मारावंसंही वाटलं, हे कबूल करतो. बाज उचलून आम्ही निघालो. ती बाई कण्हायचीही थांबली होती. बाज टेकवत टेकवत पोचायला पाऊण तास लागला.

लॉरी उभी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून थकला होता आणि पुढच्या चाकाला पाठ लावून मुखिया जमिनीवर बसला होता. मला तोवर त्यांची भाषा थोडी कळू लागली होती. तो ड्रायव्हरला म्हणत होता, "कापड आत आहे ना? मग माणूस येणार." माणसं, बकऱ्या, केळीचे घड, सगळं भराभर खाली उतरलं आणि बाज वर चढली. बाई वाचली, मुलगाही वाचला. त्या रात्री जेवताना मामांचा घास हातातच राहिला होता. मला म्हणाले, "मास्तर, लॉरी गेली असती तर म्या काय त्वांड दाखिवलं असतं?"

वर्ष संपलं. आम्ही परत निघालो त्या दिवशी लॉरीत एकही माणूस बसलेला नव्हता. सगळ्या बाकांवर कापडं होती: बायकांची रंगीत, मुखियाचं खांद्यावरचं, एक तर त्या वाचलेल्या बाळाचं अंगडं होतं. अख्ख्या गावाने मामांसाठी जागा धरली होती. मामा चढले, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि दांडी धरून उभेच राहिले.

"अहो बसा की मामा, सगळी तुमच्यासाठीच टाकलीत."

"त्ये खरं हाय वो. पर दुसऱ्यानं टाकल्यालं कापड आपण कसं उचलायचं?"

गुडघ्यांनी मामा अधू होते. तरी चाळीस मैल ते उभे राहिले आणि सगळा वेळ डोळे पुसत होते. मी मात्र एक कापड बाजूला सारून बसलो. मामांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण त्या बसण्याची मला अजून लाज वाटते.