पंचाशी हुज्जत

मिरजेजवळ विश्रामबागेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथं शिकवायला होतो. सहा मशीन, त्यातल्या एकालाच रंगीत मॉनिटर. सकाळी कॉलेजची मुलं यायची, संध्याकाळी बँकेतले लोक. दुपारी बारा ते चार कोणी फिरकायचं नाही. त्या वेळात मी बेसबॉल खेळायचो.

खरा बेसबॉल मी आजवर पाहिलेला नाही. पुण्यात शिकणाऱ्या एका मित्रानं तो गेम फ्लॉपीवर आणून दिला होता. नियम खेळता खेळता अंदाजानं कळत गेले. त्या गेममध्ये आपण खेळाडू नसायचो, संघाचे मॅनेजर असायचो. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, एवढंच आपल्या हातात. पण पंचाचा निकाल विरुद्ध गेला की एक बटण दाबता यायचं. मग टोपी घातलेला, पोट सुटलेला आपला मॅनेजर बाकावरून उठून तरातरा मैदानात जायचा आणि पंचाच्या नाकाला नाक भिडवून उभा राहायचा. पडद्यावर पर्याय यायचे : समजावून सांगा, ओरडा, लाथेनं माती उडवा. पंच हाताची घडी घालून सगळं ऐकून घ्यायचा. निकाल मात्र कधीच बदलायचा नाही. फार ताणलं, तर हात वर करून मॅनेजरला मैदानाबाहेर काढायचा.

सामना जिंकण्यापेक्षा मला हीच गंमत वाटायची. मी नेहमी माती उडवायचो आणि सोबत तोंडानं मराठीतून शिव्या द्यायचो. ऐकायला कोणी नसायचंच.

त्या उन्हाळ्यात आण्णा माझ्याकडे राहायला आले. आण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्यातल्या एका शाळेत पीटीचे मास्तर आणि आसपासच्या सगळ्या यात्रांमधल्या कबड्डीचे पंच. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. मैदानावर त्यांना कोणी उलट बोलत नसे. त्या वर्षी साताऱ्याजवळच्या एका गावात अंतिम सामन्यात त्यांनी शेवटच्या चढाईला बाद दिलं, गोंधळ झाला आणि गर्दीतून आलेला दगड त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. आधी साताऱ्यात, मग मिरजेला नेलं. ऑपरेशन झालं. एक दिवसाआड पट्टी बदलायला जावं लागे, म्हणून ते माझ्या खोलीवर राहिले. खोलीला वर पत्रा. दुपारी ती तापायची, आणि क्लासमध्ये मशीनसाठी एसी होता. म्हणून जेवण झालं की मी त्यांना घेऊन यायचो. ते दाराबाहेर चपला काढून, भिंतीजवळच्या खुर्चीत डोकं टेकून बसायचे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दगड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी होतो, मामा होते. दगड कोणी मारला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मामा म्हणाले, "नाव दिल्याबिगर काय बी होनार न्हाई. ज्याला बाद दिलं, तेच पोरगं भांडत हुतं न्हवं?" मी आण्णांना विचारलं, "त्याचंच नाव लिहू ना?" आण्णा काही बोलले नाहीत. मी लिहिलं. माझ्या अक्षरात दोन पानं लिहिली आणि आण्णांच्या हातात पेन देऊन त्यांचा हात सहीच्या जागेवर टेकवला. त्या पोराला पोलिसांनी दुसऱ्या दिवशी उचललं. आठवडाभर तो आत होता. मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

तर त्या दुपारी मी नेहमीसारखा खेळत होतो. माझा खेळाडू घसरत पुढच्या बेसवर वेळेत पोचला होता, मला स्पष्ट दिसलं होतं, आणि पंचानं त्याला बाद दिलं. मी बटण दाबलं. मॅनेजर गेला. मी ओरडलो, "डोळे फुटले का रे तुझे?"

आणि मग मला मागच्या खुर्चीची आठवण झाली.

मी वळून पाहिलं. आण्णा जागे होते. उजव्या डोळ्यानं ते पडद्याकडे पाहत होते.

"हा काळ्या कपड्यातला कोन?" त्यांनी विचारलं.

"पंच आहे."

"आन् ह्यो जाड्या?"

"मॅनेजर. म्हणजे मी."

ते खुर्ची ओढून जवळ आले. "भांड की मग. थांबलास का?"

मी पुन्हा माती उडवली. पंच तसाच उभा. आणखी एकदा उडवली, तेव्हा त्यानं हात वर केला आणि मॅनेजर मान खाली घालून बाहेर गेला.

"निकाल कवा बदलतो का ह्यो?"

"नाही. तशी सोयच नाही त्यात."

"आन् खरंच चुकला असला तर?"

"तरी नाही."

पुढचा डाव सुरू व्हायची वाट बघत पडदा थांबून होता. मग आण्णा माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"त्या दिवशी त्यांचा कोच पयल्या डावापासनं माझ्या डोक्यावर बसला हुता. हे दिसत न्हाई का, ते दिसत न्हाई का. त्याला मी बाहेर काढला. शेवटच्या चढाईत त्या पोराला चौघांनी धरलं. त्यानं रेषेकडं हात टाकला. मधी एकाची पाठ आली. हात लागला का न्हाई, मला दिसलंच न्हाई. पन डोक्यात त्यो कोच हुता. मी बाद दिलं."

"आण्णा, असं होतंच खेळात."

"आईक. ते पोरगं भांडलं न्हाई. हात फुडं करून माझ्यासमोर उभं राह्यलं. 'सर, बोटाला फक्की बगा.' फक्की लागल्याली हुती रं. रेषेचीच. पांढरी बोटं दिसली मला. मी म्हनलो, निकाल दिलाय, जा. तेवढ्यात दगड आला. डावीकडनं. पोरगं समोर उभं हुतं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी हवालदारासमोर का बोलला नाहीत?"

"तू इचारलंस तवा न्हाई म्हनायचं हुतं. म्हनलो न्हाई." त्यांनी पट्टीवर अलगद हात ठेवला. "डोळा गेला हे मला तवाच कळलं हुतं. कुनाचं तरी नाव मला बी पायजे हुतं."

मी मशीन बंद केलं. संध्याकाळची बॅच येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.

पट्टी निघाल्यावर आम्ही एस्टीनं त्या गावाला गेलो. डावा डोळा कायमचा गेला होता. आण्णांनी काळा चष्मा लावला होता. पोराचं घर गावाच्या टोकाला होतं. तो जामिनावर सुटून आला होता, म्हशीला पाणी दाखवत होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, मांडीनं दणकट. आण्णांना बघून त्यानं बादली खाली ठेवली. आई आतून आली.

आण्णा उभ्यानंच म्हणाले, "गड्या, तुझा हात लागला हुता. आन् दगड तू मारला न्हाईस. तुझ्या बोटाची फक्की मी बघितली, आन् दगड आला तवा तू माझ्यासमोर हुतास."

आई पुढं झाली. "आवं मास्तर, मग तवा का न्हाई बोललासा? पोलिसात भरती व्हायची हुती त्येची. पळन्यात पयला आला हुता. आता गुन्हा लागलाय म्हनून नाव कापलं."

आण्णांनी हात जोडले. मी त्यांच्या मागे दारातच होतो. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलता येणार नाही. मी म्हणालो, "जबाब मी लिहिला होता. नाव मी घातलं."

"ठाव हाय," तो पहिल्यांदाच बोलला. "वकिलानं दावला मला. अक्षर लय चांगलं हाय तुमचं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आईनं चहा विचारला नाही, आम्ही मागितला नाही.

आण्णा पोलिसांकडे गेले. आता प्रकरण कोर्टात आहे, काय सांगायचं ते तिथंच सांगा, असं त्यांना सांगण्यात आलं. तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला आण्णा जात, त्यांची साक्ष नसली तरी. मामांनी आमच्याकडे येणं सोडलं. ज्यानं डोळा घेतला त्याचीच बाजू घेतो, म्हणून शाळेतले लोक मागून हसायचे. आण्णांनी शिट्टी एका विद्यार्थ्याला देऊन टाकली आणि पुन्हा कुठल्या मैदानावर उभे राहिले नाहीत. शाळेत त्यांना वाचनालयात बसवलं.

दोन वर्षांहून जास्त काळानं साक्ष झाली. पोराच्या वकिलानं विचारलं, पहिला जबाब खोटा होता का? आण्णा म्हणाले, "व्हय, खोटा हुता. सही माझी हाय." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठून उभं राहावं असं वाटलं, पण मी उठलो नाही.

तो निर्दोष सुटला. तोपर्यंत भरतीचं वय उलटून गेलं होतं. पुढं तो कराडकडे उसाच्या ट्रकवर लागला, असं कानावर आलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर ऊन रणरणत होतं. तो आईबरोबर एस्टी स्टँडकडे निघाला होता. आण्णा त्याच्या मागे स्टँडपर्यंत गेले, मी त्यांच्यामागे. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं असावं, कारण आदल्या दिवसापासून ते आपल्याशीच पुटपुटत होते. पण ते जवळ पोचायच्या आतच त्यानं लांबून नमस्कार केला. "येतो मास्तर," म्हणाला आणि आईला हात देऊन गाडीत चढवलं.

गाडी गेली. मी म्हणालो, "चला आण्णा, ऊन लागेल."

"थांब जरा," ते म्हणाले, आणि रिकाम्या फलाटाकडे बघत तिथंच उभे राहिले.