ओठांवरचं बोलणं

निजामपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर एक काका रोज भेटायचे. जन्मभर कापडाच्या लूमच्या खडखडाटात काम केलेलं, त्यामुळे रिटायर झाले तेव्हा कान अधू आणि आवाज दांडगा. कामगारांचे हाल, सरकारला शिव्या, सगळं अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

आणीबाणीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सोबत्याला पोलिसांनी उचललं. तो परत आला नाही. तेव्हापासून काका, कारखान्यात खडखडाटामुळं बोलायचे तसे, आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलू लागले. चहावालाही जुना लूमवाला. त्यालाच तेवढं ते कळायचं.

निवडणूक झाल्यावर मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "काका, आणीबाणी उठली! आता बोला की मोठ्यानं!"

त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघितलं आणि ओठ हलवले.

"काय म्हणतात?" मी चहावाल्याला विचारलं.

"म्हणतात, पहिला तू हळू बोल."