एक मीटर सावली

सातवीत मी कान्हे गावाहून लोणावळ्याच्या शाळेत आले. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "वही आणलीस का?" मी म्हणाले, "न्हाई." सगळा वर्ग खुदखुदला. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं ते मिटलंच. अंगात गुर्मीही होती म्हणा. तुम्ही बोलत नाही तर माझं अडलंय खेटर. अडलं होतं, हे घरीही कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत गणिताच्या बाईंनी समप्रमाण शिकवलं आणि काम दिलं. जोडीने मैदानात जायचं, आपली उंची आणि सावली मोजायची, झेंड्याच्या खांबाचीही सावली मोजायची आणि त्यावरून खांब किती उंच ते काढायचं. वर जोडीदाराचं नाव लिहायचं. सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या. मी कुणाला विचारलंच नाही, कारण नको म्हणाली असती तर?

मधल्या सुट्टीत आईचा शिवणाचा टेप घेऊन एकटीच गेले. खांबाची सावली गुमान पडून होती. टेप सरकवत मोजली, चार मीटर भरली. माझी मात्र काही केल्या मोजता येईना. टोकाला दगड ठेवायला वाकले की ती आखडायची, पुढे गेले की तीही पुढे. उभ्या उभ्या खडा फेकून पाहिला, तो भलतीकडेच पडला. पलीकडे पोरी एकमेकींच्या सावलीला खडूने खुणा करत होत्या. मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचा रागही.

तेवढ्यात शाळेचे शिपाईमामा दिसले. त्यांना खांबाची उंची विचारली.

"सहा मीटर. रंग मीच दिलाय की."

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. सहाला चार, तर माझ्या दीड मीटर उंचीला? दीड म्हणजे सहाचा पाव हिस्सा. चाराचा पाव हिस्सा एक. माझी सावली न मोजताच वहीत आली. समप्रमाण मला तिथे कळलं, ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वह्या तपासल्या. कुणाचा खांब पावणेसहा, कुणाचा सव्वासहा, माझाच तंतोतंत. "मोजावं तर असं," म्हणत त्यांनी माझी वही वर्गाला दाखवली. जोडीदाराच्या नावाची ओळ मी कोरी सोडली होती. मी उभी राहून मनात घोकत होते, विचारा ना बाई, तुझी सावली कुणी मोजली म्हणून. विचारलं असतं तर सगळं सांगून टाकलं असतं.

त्यांनी दहापैकी दहा दिले आणि पुढची वही उचलली.