नथ घातलेला फोटो

निवृत्तीनंतर मी फॉर्म भरून देतो. आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात दर मंगळवारी शिवणवर्ग भरतो. सिंधमधून, म्हणजे पाकिस्तानातून येऊन रायपुरात बस्तान बसवू पाहणाऱ्या स्त्रिया तेथे येतात. शिवण माझी पत्नी शिकवते, कागदपत्रे माझ्याकडे.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात त्यांपैकी एकीच्या व्हिसाची मुदत शुक्रवारी संपत होती. तोवर मुदतवाढीचा अर्ज स्वीकारला गेला नाही, तर तिचे येथील वास्तव्य बेकायदा ठरणार होते. नवरा गोल बाजारात कापडाच्या दुकानात कामाला, दोन मुली शाळेत. त्या तिघांचे अर्ज आधीच मार्गी लागले होते.

बुधवारी मी तिचा अर्ज घेऊन परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने तो परत सरकवला. "बाबूजी, ये कौन हैं? पासपोर्ट में तो कोई और बैठी हैं."

पासपोर्टवर डोक्यावरून ओढणी, कपाळ मोकळे. अर्जावर नथ, ठसठशीत कुंकू, जरीचा पदर. हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळातल्या स्त्रियांनी तिला नटवून सदर बाजारातल्या स्टुडिओत नेले होते. तो फोटो मीच अर्जावर चिकटवला. नीट पाहिला नाही.

घरी पत्नीला जाब विचारला.

"काहून चिडून राहिले? किती आपल्यातली दिसून राहिली होती ते. अन् तिनं तरी नाही म्हटलं का?"

नाही का म्हटले नाही, हे गुरुवारी मी त्या सिंधी स्त्रीलाच विचारले.

"काका, दीदी लोग इतना करती हैं. ना कैसे बोलती?" ओढणी घेऊन काढलेला नवा फोटो तिने पुढे केला. "बुरा मानेंगी क्या?"

"मानेंगी. दो दिन."

ती प्रथमच हसली. मी कोरा फॉर्म घेऊन जुन्यावरून उतरवू लागलो. 'पूर्वीचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिले होते. तिला विचारल्याचे आठवेना. आता विचारले.

"टीचर थी. लड़कियों के स्कूल में, नौ साल."

"मग सांगितले का नाही?" मी मराठीतच बोलून गेलो. तिला ते समजले.

"आपने इतने सुंदर अक्षर में लिखा था, काका."

मंडळातल्या स्त्रियांना बोल लावण्याचा माझा अधिकार तेथेच संपला. उपकाराखाली असलेल्या माणसाला नकार देता येत नाही, म्हणून विचारण्याची जबाबदारी मदत करणाऱ्यावर येते. नोकरीची सारी वर्षे मी इतरांचे रकाने तपासले; हे मला ठाऊक असायला हवे होते.

मग प्रत्येक रकाना तिला विचारून भरला. फार वेळ लागला. दोन ठिकाणी तिने मला थांबवले.

शुक्रवारी सकाळी अर्ज स्वीकारला गेला. पावती तिने स्वतः वाचून पाहिली, मगच पर्समध्ये ठेवली.