आरसे नसलेली बस

हे मी आजवर सोसायटीत कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही: ग्राफिक्स कार्ड या विषयातलं मला काडीचंही कळत नाही. आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका या विषयाचा विचार उभ्या बोरीवलीत दुसऱ्या कोणी केला नसेल. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तेव्हाही इतकी चौकशी करत नाहीत. काकांनी स्वतःच्या मुलीच्या वेळी तर मुळीच केली नव्हती. पहिलं स्थळ आलं, मुलीने मान हलवली, यांनी होकार देऊन टाकला. "माणूस सांभाळून घेतो," असं ते मला म्हणाले होते, "मशीन सांभाळून घेत नाही."

काका बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मुलगी नाशिकला सासरी गेली आणि तिचा कॉलेजातला डेस्कटॉप मागे राहिला. जावयाने सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्यात बस चालवण्याचा एक खेळ टाकून दिला. कुठलं तरी परदेशी शहर, धुतल्यासारखे रस्ते आणि डेपोत उभी पिवळी बस. कॉम्प्युटर म्हातारा, म्हणून खेळ अडकू नये यासाठी जावयाने त्यातली चित्रं अगदी हलकी करून ठेवली होती आणि त्या भानगडीत बसचे दोन्ही आरसे बंद झाले होते. आरशांच्या जागी नुसते काळे चौकोन. दुसरा कोणी तशीच बस दामटून मोकळा झाला असता. काकांनी जावयाला फोन लावला. "आरसे नसलेली गाडी मी बाहेर काढत नाही."

"बाबा, खेळ आहे हो तो."

"मागून सायकलवाला येत असेल, त्याला कुठे माहीत आहे?"

जावई म्हणाला, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं तर आरसे दिसतील. तेव्हापासून कार्डाचा शोध सुरू झाला आणि बस डेपोत उभी राहिली. उभी म्हणजे टाकून दिलेली नव्हे. काका रोज आंघोळ करून, भांग पाडून कॉम्प्युटरसमोर बसत. इंजिन चालू करत, हॉर्न वाजवून बघत, वायपर फिरवत, दारं उघडून मिटत आणि स्वस्थ बसून राहत. दुपारी जेवणाची सुट्टी. संध्याकाळी इंजिन बंद. मी एकदा विचारलं, काका, हे काय करता? म्हणाले, "स्पेअर ड्यूटी. गाडी मिळेपर्यंत डेपोत तयार बसायचं."

कार्डाच्या बाबतीत त्यांनी जावई, दुकानदार आणि मोबाईलवरचे व्हिडिओ यांच्याकडून माहिती घेतली, पण विश्वास कोणावर ठेवला नाही. स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन ते प्रत्येक कार्डाची लांबी सुतळीने मोजून आणत आणि घरी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याच मापाचं कार्ड बनवत. ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसवून झाकण लावत. एक पुठ्ठा तर त्यांनी महिनाभर आतच ठेवला होता, मशीनला सवय व्हावी म्हणून. दोन पंख्यांच्या कार्डावर त्यांचा संशय होता; एक पंखा नीट चालत असेल तर दुसरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. "घाटात गरम होतं का?" असं त्यांनी दुकानदाराला विचारलं तेव्हा तो बिचारा म्हणाला, "काका, आपको लेना है कि नहीं?" काका म्हणाले, "लेना है, इसलिए तो पूछ रहा हूँ." कार्ड वीज फार खातं असं कोणीतरी सांगितल्यावर त्यांनी सराव म्हणून आधीपासूनच, कॉम्प्युटर लावला की फ्रीज बंद करायला सुरुवात केली. काकू मालवणच्या. त्या माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "ह्यांका कायतरी सांग रे. परवा बांगडे फुकट गेले."

मला का सांगितलं, तर मी कॉम्प्युटर कंपनीत आहे. आहे हे खरं. तिथे मी कॅन्टीनचं कंत्राट आणि स्टाफच्या गाड्या बघतो. पण सोसायटीत कोणी ते कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. काका मला 'इंजिनीअर' म्हणत. ऐकायला बरं वाटायचं.

एक एक पुठ्ठा घेऊन ते माझ्याकडे शेवटचा शब्द विचारायला येत. "बोल इंजिनीअर, हे घेऊ?" मी पुठ्ठा उलटसुलट करून बघत असे. मग म्हणत असे, "काका, थोडं थांबा. नवीन मॉडेल येतंय. किमती उतरतील." हे वाक्य मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐकलं होतं. ते कधीही खोटं ठरत नाही, ही त्याची सोय. काका मान डोलवत, पुठ्ठा काखेत मारत आणि डेपोत परत जात. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. वर्षं गेली एवढं खरं.

मग काकांचा खांदा दाराच्या चौकटीला घासू लागला. शेजारी ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हाताने सांडू लागला. काकूंनी डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही. काकांनी मला हे जिन्यात सांगितलं, बस रद्द झाल्याचं सांगावं तसं. "नेमकी आरशांची जागा गेली रे," म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी त्या दुकानात गेलो, कॅबिनेटचा फोटो दाखवला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा. दुकानदाराने फोटो बघितला, हातातला चहा संपवला आणि मागच्या फळीवरून एक कार्ड काढून दिलं. एका पंख्याचं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसाने ते बसवून दिलं. काका भांग पाडून तयार होते. त्यांनी इंजिन चालू केलं आणि मान न वळवता विचारलं, "आले का रे आरसे?"

"आले."

"डावीकडे काय दिसतं?"

"फूटपाथ. एक बाई उभी आहे."

"मग जाऊ दे तिला आधी."

बाई गेली. काका तरीही हलेनात. "डबल बेल कोण देणार?" मी चमच्याने टेबलावर दोनदा ठोकलं आणि पिवळी बस डेपोबाहेर पडली, इतकी हळू की मागच्या गाड्या हॉर्न मारू लागल्या. काकांनी त्यांना हात बाहेर काढून थोपवलं. म्हणजे खुर्चीतून खरोखरच उजवा हात काढला.

आता रविवारी मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसतो आणि दोन्ही आरसे वाचून दाखवतो. गेल्या रविवारी एका स्टॉपवर बस लावून ते म्हणाले, "इंजिनीअर, तू थांब म्हणालास ते बरं झालं. घाईत भलतंच घेऊन बसलो असतो." मी म्हटलं, "उजवीकडे सायकलवाला आहे." सायकलवाला नव्हता. काका तो जाईपर्यंत थांबले.

दोन्ही आरसे ज्या डोळ्यांना दिसले असते त्या डोळ्यांची वर्षं मी काकांना देणं लागतो. ती माझ्याच्याने फिटणार नाहीत. आणि एक वाक्य देणं लागतो, मला काही कळत नव्हतं, एवढंच. ते दुकानदाराला देऊन झालंय. काकांना अजून दिलेलं नाही.