बंद डोळ्याला दिसलेली रुक्साना

भुताखेतांचे, अमानवीय किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे, हे आधीच कबूल करतो. त्यामुळे इथे लिहायला लाज वाटतेय... पण पंधरा दिवस झाले, झोप उडाली आहे.

इंदापूर तालुक्यात सणसरजवळ आमची डाळिंबाची बाग. मागच्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याच्या रेटिनावर पातळ पापुद्रा आला. त्या डोळ्याला चौकट वाकडी दिसते, माणसाचं तोंड पिळलेलं दिसतं. उजवा ठणठणीत. दोन्ही उघडे ठेवले की एक सरळ रुक्साना – माझी बायको – आणि शेजारी एक वाकडी. "दोघींना पोसताय व्हय?" असं ती चिडवायची.

शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी मधोमध काळी असलेली कॉन्टॅक्ट लेन्स दिली. ती घातली की तो डोळा बंद, आणि सगळं पुन्हा एकच दिसतं. पहिल्या दिवशी चहाचा कप एका झटक्यात हातात आला तेव्हा मला रडू आलं. गाडी चालवायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण ट्रॅक्टर म्हणजे काय गाडी? आपल्याच रानात तर फिरवायचा... आमच्याकडे असंच चालतं.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास फवारणीचा ब्लोअर जोडायला मी ट्रॅक्टर मागे घेत होतो. रुक्साना घरी गेली असं समजून उजव्या खांद्यावरून मागे बघत होतो. आणि अचानक डावीकडे ती दिसली! चाकाजवळ उभी, हात वर केलेला, तोंड माझ्याकडे... आणि ते तोंड पिळलेलं!

मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो.

उतरून बघतो तर डाव्या चाकामागे, वीतभर अंतरावर, रुक्साना पाठमोरी बसलेली. फळांनी वाकलेली फांदी सुतळीने बांधत होती.

"तू उभी होतीस ना? हात केलास ना मला?"

"न्हाय वो! मी मघापासनं खालीच बसलीया. ट्रॅक्टर चालूच व्हता, तुमी मागं येताय ते कळलंच न्हाय."

लेन्स पडली असेल म्हणून घरी जाऊन आरशात पाहिलं. जागेवर होती. उजवा डोळा हाताने झाकला – मिट्ट काळोख!

दुसऱ्या दिवशी रुक्सानाला घेऊन बारामतीला गेलो. डॉक्टरांनी आधी ट्रॅक्टर चालवल्याबद्दल झापलं. मग लेन्स तपासून म्हणाले, "कडेने थोडा उजेड शिरेल फार तर. चेहरा दिसणं शक्य नाही." अहो, पण खऱ्या रुक्सानाचा चेहरा माझ्याकडे नव्हताच, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी लेन्स डबीत ठेवली. म्हणाले, "ऑपरेशन करून पापुद्रा काढू. वाकडं दिसणं बरंच कमी होईल."

"त्या डोळ्याला हात लावायचा न्हाय, सायेब," रुक्साना म्हणाली. तिने माझा दंड घट्ट धरला होता.

मी बी.एस्सी. झालेला माणूस. तिला समजवायला तोंड उघडलं... आणि ऑपरेशनची तारीख न घेताच तिच्यामागे बाहेर पडलो.